नजरभाव

त्या काळात किंमत ठरवण्यासाठी घर बघायची पद्धत बंद झाली होती. घराकडे बघणाऱ्या माणसांना बघितलं जाई.

ही सुधारणा बँकांनी आणली. पूर्वी मूल्यांकनाला एक माणूस टेप घेऊन यायचा, भिंतीवर दोन टिचक्या मारायचा, चहा प्यायचा आणि मालकाच्या मनातला आकडा कागदावर उतरवून जायचा. या चहात बँकांचे बरेच पैसे बुडाले. मग संशोधकांनी दाखवून दिलं, की माणसाचं तोंड खोटं बोलतं, डोळा बोलत नाही. रस्त्याने जाणाऱ्याचा डोळा कधीच स्थिर नसतो. तो एका सेकंदात तीन-चार बारीक उड्या मारतो आणि उड्यांच्या मध्ये कुठेतरी क्षणभर टेकतो. या टेकण्याला 'थांबा' म्हणू लागले. थांबा कुठे पडला, किती वेळ टिकला आणि त्या वेळी डोळ्यातली बाहुली किती रुंदावली, एवढं कळलं की बघणारा त्या घरासाठी काय मोजायला तयार होईल हे त्याला स्वतःला कळायच्या आधी बँकेला कळे.

म्हणून प्रत्येक गृहसंस्थेच्या समोर, रस्त्यापलीकडे, एक करडा खांब उभा राहिला. हा नजरमापी. येणाऱ्याजाणाऱ्यांचे थांबे तो दिवसभर गोळा करी आणि संध्याकाळी संस्थेचा चौरस फुटाचा दर जाहीर करी. हा नजरभाव. तो अख्ख्या संस्थेचा एकच असे, घराघराचा वेगळा नसे. त्यामुळे एकाच्या गॅलरीत वाळणारा टॉवेल हा दुसऱ्याच्या गृहकर्जाचा प्रश्न झाला. शेजाऱ्यांच्या गॅलरीत लोकांना पूर्वीपासूनच रस होता. आता त्याला शास्त्रीय आधार मिळाला, इतकंच.

नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या शुभ्रकमल सहकारी गृहनिर्माण संस्थेत दर्शनी भागाची नियमावली होती आणि ती अमलात आणणारे सचिव जयवंत क्षेमकल्याणी होते. पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस कालव्याच्या सरळ रेषेवर मनापासून प्रेम करणारा होता. भिंती बदामी, कठडे पांढरे, प्रत्येक गॅलरीत दोनच कुंड्या आणि त्यात संस्थेने ठरवून दिलेली शेवंती. कपडे आत वाळवायचे. सायकल, स्टूल, माठ, झाडू यांपैकी काहीही रस्त्यावरून दिसता कामा नये. काही सभासदांनी कुरकुर केली, पण भाव वाढणार म्हटल्यावर कुरकुरही आतल्या खोलीत केली.

भाव मात्र वाढत नव्हता. आणि क्षेमकल्याणींना तो वाढायला हवा होता, तोही याच वर्षी.

त्यांच्या पत्नीला, मंदाकिनीबाईंना, कंपवात होता. उजवा हात सारखा थरथरायचा. आमटी वाढताना वाटीभोवती एक लहानसं तळं व्हायचं. पुण्यात मेंदूत नव्या पेशी रुजवण्याची शस्त्रक्रिया होत असे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की यंदा केली तर पेशी रुजतील, पुढे रुजतील असं वाटत नाही. खर्च मोठा होता. बँक घरावर कर्ज द्यायला तयार होती, पण नजरभाव निदान सव्वापट झाल्यावर आणि महिनाभराची सरासरी तिथे टिकल्यावर. निवृत्त माणसाकडे विकण्यासारखं दुसरं काही नव्हतं. बिलं वेळेवर भरण्याची सवय होती, पण ती कोणी तारण ठेवून घेत नाही.

भाव न वाढण्याचं कारण सर्वांच्या मते दुसऱ्या मजल्यावर राहत होतं. तिथे अमृतकर वहिनींची गॅलरी होती. तिच्यावर निळी ताडपत्री होती, एका टोकाला फाटलेली. खाली दोऱ्यांवर चादरी, परकर, मुलाच्या जीन्स. कठड्यावर बाज टेकवून तिच्यावर ज्वारीचे बिबडे, म्हणजे खानदेशी पापड, वाळत घातलेले. चाळीसगावहून आलेल्या या विधवा बाईने बिबडे विकून मुलगा वाढवला होता आणि मुलाला नोकरी लागल्यावरही ऊन फुकट जाऊ देणं तिला पटत नव्हतं.

"वहिनी, ही ताडपत्री," क्षेमकल्याणी म्हणाले.

"हो, निळीच आहे. मागच्या खेपेलाही तुम्ही हेच सांगितलं."

"दर्शनी भागाचा नियम आहे."

"मग बिबडे काय लिफ्टमध्ये वाळवू, भाऊ? वरखाली करतील, दोन्ही बाजूंनी ऊन लागेल."

"तुमच्या एका गॅलरीमुळे साऱ्यांचं नुकसान होतंय."

"नुकसान झालेला माणूस पहिल्यांदा माझ्याकडूनच बिबडे नेतो. पाठवू का मंदाताईंना थोडे?"

ते बिबड्यांची पिशवी घेऊन परत आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नोटीस पाठवली.

प्रकरण सहकार न्यायालयात गेलं. न्यायालयाने सांगितलं, नुकसान होतंय हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध करा. म्हणून संस्थेच्या समितीने डॉ. रेवती तांबट यांना बोलावलं. नजरमापीच्या मूळ संशोधकांपैकी त्या एक. आल्या, खांबाला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "गॅलरी पंधरा दिवस झाकून बघू. फरक किती पडतो ते कळेल."

वहिनी तेव्हा भाचीच्या लग्नाला चाळीसगावला निघाल्या होत्या. त्यांनी परवानगी दिली. "झाका. फक्त बाजेला हात लावू नका."

गॅलरीसमोर बदामी पडदा चढला. इमारत आता नियमावलीच्या मुखपृष्ठावरच्या चित्रासारखी दिसू लागली. क्षेमकल्याणी पहिल्या संध्याकाळी रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नजरमापीने ते नोंदवलं असणार, पण एका माणसाने काय होतं? त्या आठवड्यात भाव घसरला. दुसऱ्या आठवड्यात आणखी घसरला.

"पडदा सदोष असेल," क्षेमकल्याणी डॉ. तांबटांना म्हणाले.

"पडदा उत्तम आहे. दोष डोळ्यांत आहे." डॉ. तांबट क्षेमकल्याणींच्याच दिवाणखान्यात बसल्या होत्या. "आमच्याकडे एक जुना प्रयोग आहे. डोळ्यावर भिंग बसवायचं आणि भिंगालाच एक लहानसं चित्र जोडायचं. डोळा फिरला की चित्रही बरोबर फिरतं, म्हणजे डोळ्याच्या दृष्टीने ते हलतच नाही. काय होत असेल?"

"स्पष्ट दिसत असेल."

"काही सेकंदांत विरून जातं. समोर काहीच नाही, असं माणूस सांगतो. डोळा वस्तू बघत नाही हो, फरक बघतो. फरक नसला की तो दुकान बंद करतो. तुमची इमारत लोकांना पडद्यानंतर दिसेनाशी झाली."

"एवढी मोठी इमारत?"

"दिसते. पण कुंपणाची भिंत दिसते तशी. कोणी तिचा भाव विचारतं का?"

क्षेमकल्याणींनी चष्मा पुसला. "म्हणजे नियमांनी भाव वाढत नाही?"

"वाढतो की. बर्फीबरोबर चहा प्यायलात तर चहा फिका लागतो. शेव खाऊन प्या, तोच चहा गोड लागेल. निळ्या ताडपत्रीवर डोळा टेकतो, दचकतो आणि तिथून बदामी भिंतीवर गेला की त्याला ती होती त्यापेक्षा सुंदर दिसते. नियमांनी भाव वाढतो, फक्त ते मोडणारं एक घर लागतं."

"आणि दोन घरांनी मोडले तर?"

"मग तुमची सोसायटी राहत नाही. वस्ती होते."

आतून मंदाकिनीबाईंचा आवाज आला, "अहो, गोऱ्या बाळाला काजळाचं गालबोट लावतात तसंच की हे." त्या ट्रे घेऊन येत होत्या. कप एकमेकांवर वाजत होते. क्षेमकल्याणींनी उठून ट्रे घेतला. डॉ. तांबटांना शब्द आवडला. पुढे त्यांच्या अहवालात आणि तिथून इतर शहरांतल्या अहवालांत अशा घराला 'गालबोट' हेच नाव पडलं.

सर्वसाधारण सभा बोलावली गेली. वडापाव ठेवला होता, म्हणून गणसंख्या पुरी झाली. अमृतकर वहिनींविरुद्धच्या सर्व नोटिसा मागे घेण्यात आल्या आणि त्यांच्या गॅलरीला संरक्षण देण्याचा ठराव क्षेमकल्याणींनी स्वतः मांडला.

वहिनी उभ्या राहिल्या. "थांबा जरा. म्हणजे माझं घर वाईट दिसतं, म्हणून तुमची चांगली दिसतात, असं ना?"

"शास्त्रीय भाषेत तसं म्हणता येणार नाही," क्षेमकल्याणी म्हणाले.

"मग मराठीत?"

"मराठीत तसंच."

सभा हसली. वहिनीही हसल्या आणि खाली बसल्या. हसता हसता त्यांनी पदराने तोंड पुसलं, तेव्हा शेजारच्या बाईला वाटलं की तिखट लागलं.

पडदा निघाला आणि भाव चढू लागला. लोक वहिनींशी आदराने वागू लागले. कोणीतरी सुचवलं की ताडपत्री दुसऱ्या टोकालाही थोडी फाटली तर बरं, कारण डोळ्याला गालबोटाचीही सवय होते आणि काही दिवसांनी मात्रा वाढवावी लागते, असं डॉ. तांबटांच्या अहवालात होतं. एक गंजकं पिंप त्यांच्या दारात आणून ठेवलं गेलं, 'सोयीनुसार गॅलरीत ठेवावे' अशा चिठ्ठीसह. वहिनींनी त्यात तांदूळ भरून ठेवले. भाव सव्वापटीच्या अगदी जवळ आला. क्षेमकल्याणींनी पुण्याच्या रुग्णालयाला फोन करून तारखांची चौकशी केली.

आणि एका सकाळी ते खाली आले तर दुसऱ्या मजल्यावर ताडपत्री नव्हती.

वहिनींचा मुलगा कठड्याला पांढरा रंग देत होता. बाज, दोऱ्या, परकर सगळं गेलेलं. भिंत बदामी. दोन कुंड्या, शेवंतीच्या.

क्षेमकल्याणी जिन्याने धावत वर गेले. "वहिनी, हे काय केलंत?"

"रविवारी मुलीकडचे घर बघायला येणार आहेत. तिसरं स्थळ आहे हे. आधीचे दोघे खालूनच वर बघून गेले, जिना चढलेच नाहीत."

"मग एवढा रविवार होऊ द्या. सोमवारी ताडपत्री पुन्हा चढवू. मी माणूस देतो, खर्च संस्थेचा."

"आणि लग्नानंतर सून कशात राहणार? तुमच्या भावात?"

"वहिनी, तुमच्या घराला संरक्षण आहे. ठराव झालाय."

"नियमावलीत काय लिहिलंय, भाऊ? बदामी, पांढरा, दोन कुंड्या. तुमच्याच नोटिशीत वाचून रंगाचा नंबर घेतला." वहिनींनी मुलाच्या हातातला ब्रश घेऊन डब्यात ठेवला. "इतकी वर्षं तुम्ही सांगत होता, मी ऐकत नव्हते. आता ऐकलं तर तुमचा चेहरा असा."

क्षेमकल्याणींना मंदाकिनीबाईंच्या शस्त्रक्रियेबद्दल सांगायचं होतं. पण उघड्या दारातून त्यांना आतली नवी गादी दिसली, तिच्यावरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. ते तसेच खाली उतरले. रविवारी मुलीकडचे आले, जिना चढले, पोहे खाल्ले आणि होकार देऊन गेले.

भाव अपेक्षेप्रमाणे कोसळला. समितीने नव्या गालबोटासाठी अर्ज मागवले. एकही आला नाही. भाडेकरूंपैकी कोणाला भाग पाडता येईल का यावर चर्चा झाली, पण भाडेकरू सगळे फार नीटनेटके निघाले. त्यांना घर सोडावं लागण्याची भीती असल्यामुळे त्यांच्या शेवंत्या मालकांच्यापेक्षा टवटवीत होत्या.

दहाएक दिवसांनी भाव आपोआप चढायला लागला. संथपणे नव्हे, एकदम. ताडपत्रीच्या दिवसांतला उच्चांक त्याने आठवड्यात मागे टाकला आणि सव्वापटही ओलांडली. समितीने याचं श्रेय समितीला दिलं. क्षेमकल्याणींनी मात्र सवयीप्रमाणे नजरमापीचा नकाशा मोबाइलवर उघडला. त्यात इमारतीचं चित्र असे आणि जिथे थांबे पडत तिथे नारिंगी ठिपका दाट होत जाई. अख्खी इमारत फिकट होती. तिसऱ्या मजल्यावर एकच ठिपका होता, जळत्या निखाऱ्यासारखा. ते घर त्यांचं होतं.

त्यांनी गॅलरी तपासली. रंग बरोबर, कुंड्या दोन, कठड्यावर धूळसुद्धा नाही. त्यांनी नकाशा दिवसाच्या वेळांप्रमाणे लावून पाहिला. ठिपका संध्याकाळी पाच ते सहा एवढ्यातच पेटत होता. त्या वेळी मंदाकिनीबाई शेवंतीला पाणी घालत.

त्यांनी डॉ. तांबटांना फोन लावला.

"अपेक्षित आहे," डॉ. तांबट म्हणाल्या. "वस्तूंमध्ये फरक उरला नाही की डोळा माणसांकडे वळतो. आणि माणसात जे हलू नये ते हलत असेल, तर तिथे टेकतो. तुमच्या पूर्ण इमारतीत नियमाबाहेरची अशी एकच गोष्ट उरलीये."

"तिचा हात."

"हो."

"पण हात बघून कोणी घर कशाला घेईल?"

"हात बघून नाही. हात बघितल्यावर लोक उरलेल्या इमारतीकडे बघतात आणि त्यांना हायसं वाटतं, आपलं बरं आहे असं. हायसं वाटलेल्या डोळ्याला सगळंच सुंदर दिसतं. ताडपत्रीने एवढं नाही होत."

क्षेमकल्याणींनी इंजिनिअरला सुचावा तो प्रश्न विचारला. "हे किती दिवस टिकेल?"

"लोकांना सवय होईपर्यंत. मग मात्रा वाढवावी लागते, तुम्हाला माहीत आहे. अर्थात हा वाढत जाणारा आजार आहे, त्यामुळे..." डॉ. तांबटांनी वाक्य पुरं केलं नाही. शास्त्रज्ञाने वाक्य अर्धं सोडण्याची ही एवढीच वेळ नजरमापीच्या इतिहासात आढळते. मग त्या म्हणाल्या, "त्यांना सांगणार आहात?"

"कर्जाला महिनाभर सरासरी लागते," क्षेमकल्याणी म्हणाले. "त्यातले नऊ दिवस झालेत."

मंदाकिनीबाई अलीकडे खुशीत होत्या. आजारापासून त्यांनी बाहेर जाणं सोडलं होतं. लग्नात जेवताना लोक हाताकडे बघतात, मग दुसरीकडे बघतात, मग पुन्हा हाताकडे बघतात, हे त्यांना सहन होत नसे. गॅलरी तेवढी राहिली होती. त्या दिवशी चहा घेताना त्या म्हणाल्या, "अहो, हल्ली खालून लोक वर बघतात. छान बघतात. काल शाळेतून येणाऱ्या एका बाईने हात केला. मीपण केला."

"फुलं छान आलीत," क्षेमकल्याणी म्हणाले.

"तेच म्हणते मी. शेवंती बघत असणार."

"थोडी जास्त वेळ उभी राहत जा मग. हवाही बरी असते."

त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं, की नंतर त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. दुसऱ्या दिवशी साडेचारलाच मंदाकिनीबाई आत गेल्या. केस नीट विंचरले, अंबाड्याला गजरा लावला, मोरपंखी साडी नेसल्या. निऱ्या घालायला त्यांना बराच वेळ लागे. क्षेमकल्याणी मदत करायला गेले तर म्हणाल्या, "नको, आज माझी मी."

पाच वाजता त्या गॅलरीत गेल्या. झारी खाली ठेवली आणि उजव्या हाताने कठडा घट्ट धरला. सगळी ताकद त्या मुठीत एकवटली होती. कठड्याला टेकून हात थांबला. खालून बघणाऱ्याला कळणारही नाही इतका थांबला. त्या ताठ उभ्या होत्या, मान थोडी उंच करून, एखाद्या समारंभाच्या फोटोला उभ्या राहाव्यात तशा.

आत खुर्चीवर बसलेल्या क्षेमकल्याणींच्या हातात मोबाइल होता. ठिपका फिकट होत गेला. सहा वाजता भाव जाहीर झाला. तो पडला होता. असे चार दिवस पडला तर महिन्याची सरासरी हुकत होती, आणि सरासरी हुकली की पुण्याची तारीख हुकत होती.

दुसऱ्या दिवशी मंदाकिनीबाई तशाच उभ्या होत्या. ठिपका विझत आला होता. क्षेमकल्याणी उठले आणि गॅलरीच्या दारापर्यंत गेले. उंबऱ्याच्या आतच थांबले. तिथून रस्ता दिसत नव्हता आणि रस्त्यावरून ते दिसत नव्हते.

"मंदा," ते म्हणाले, "कठडा सोड."

"का हो?"

"रंग ओला आहे जरा."

मंदाकिनीबाईंनी बोटांकडे बघितलं. बोटांना काही लागलं नव्हतं. मग त्यांनी मागे वळून नवऱ्याच्या हातातल्या मोबाइलकडे बघितलं, आणि खाली रस्त्यापलीकडच्या खांबाकडे. खांबाकडे त्या जरा जास्त वेळ बघत राहिल्या. थांबा म्हणावा इतका वेळ.

"तोल जाईल माझा," त्या म्हणाल्या.

"मी आहे ना मागे."

मंदाकिनीबाईंनी पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं, पदर सारखा केला आणि एकेक बोट करून कठडा सोडला.